वरून आत, खालून बाहेर

सुतार पक्षी दिसायच्या आधी त्याचं काम दिसतं. झाडाखाली गेल्यावर वर बघू नये, आधी पायाशी बघावं. बुंध्याजवळ पांढरे, ताजे कपचे पडले असतील तर वर घर कोरायचं काम चालू आहे. कपचे काळे पडले असतील तर घर जुनं. त्यात आता साळुंकी नाहीतर पोपट राहत असणार. आणि कपच्यांच्या जागी चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी, ओलसर भुगा असेल तर ते झाड आतून गेलेलं आहे. तीस वर्षं मी बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली उभी झाडं विकत घेऊन तोडत आलो. बांधावरची बाभूळ, परड्यातला कडुलिंब, कालव्याकडेचा शिरीष. उभ्या झाडाच्या पोटात काय आहे हे ज्याला बाहेरून कळतं तोच या धंद्यात टिकतो. मला ते या पक्ष्यामुळे कळायला लागलं.

गेलं दीड वर्ष मला कुणी झाड दाखवत नाही. इंदापूरच्या अलीकडच्या एका गावात एक माणूस खाटेवर पडून आहे, कमरेखाली त्याला काही कळत नाही, आणि मी जाणूनबुजून त्याला पोकळ झाडावर चढवलं असं सगळा भाग म्हणतो. मी त्याला आधी सांगितलं होतं. फांदी पोकळ आहे, तिला दोर बांधू नकोस, असं मी खालून ओरडून सांगितलं होतं. हे त्याने एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या तोंडाने बोलावं म्हणून मी त्याच्या घरी जात राहिलो.

तो आणि मी एकाच वखारीत हमाल होतो. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. अंगाने काटकुळा, पण झाडावर चढायला लागला की खार बाजूला व्हायची. मी वखार सोडून स्वतः झाडं घ्यायला लागलो तेव्हा तो माझ्याबरोबर आला. ठरलेलं होतं की भाव मी करायचा आणि वर तो चढायचा. चार लोकांत तो मला मालक म्हणायचा, दोघंच असलो की लेका. त्याची बायको मला भावजी म्हणायची, मी तिला वहिनी. त्यांच्या घरी माझं ताट वेगळं मांडावं लागत नसे, मी चुलीपुढेच बसत असे.

सुतार पक्ष्याशी माझी ओळख भांडणातून झाली. सुप्याकडच्या एका माळावर आम्ही बाभळी तोडत होतो. बारामतीच्या कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर गळ्यात दुर्बीण अडकवून तणतणत आले.

"ती वाळकी फांदी तोडू नका. तिच्यात मराठा सुतार राहतोय."

"मराठा हाय का सुतार, एक काय ते सांगा सर," मी म्हणालो. आमची माणसं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी दुर्बीण माझ्या हातात कोंबली.

चिमणीहून जरासा मोठा, काळ्या पाठीवर पांढरे ठिपके, पोटाशी लालसर डाग. कपाळ पिवळं आणि टाळूच्या मागे लाल चुटूक ठिपका. सर म्हणाले, लाल आहे म्हणजे नर. मादीचं डोकं नुसतं पिवळट असतं. मग ते म्हणाले की हा पक्षी निब्बर लाकडात घर कोरू शकत नाही, बुरशीने मऊ झालेली जागा शोधतो.

"म्हणजे भोक दिसलं की लाकूड खराब?" मी विचारलं.

"त्या जागी तरी."

हे शेवटचे तीन शब्द मी ऐकले आणि पोटात ठेवले. झाड विकणाऱ्याला ते सांगायची गरज नव्हती. भोक असतं वाळक्या फांदीत, आणि बुंधा खालपर्यंत दगडासारखा असतो. पण शेतकऱ्याला भोक दाखवलं की त्याचं तोंड उतरतं.

तर मी पक्षी शिकलो ते लोभाने. सरांची जुनी दुर्बीण विकत मागितली, त्यांनी सांगितलेली किंमत अर्ध्यावर आणली, आणि तेवढ्यात त्यांनी ती मला फुकटच देऊन टाकली. त्यामुळे मी महिनाभर चिडून होतो. पण दुर्बीण हातात आल्यावर लोभ मागे राहिला आणि मी नुसताच बघायला लागलो. सुतार झाडाला पायांनी धरतो, पण बसतो शेपटीवर. शेपटी ताठ, तिचा तिसरा पाय करून तो मान मागे घेतो. आपण जवळ गेलो की उडत नाही, खोडाच्या पलीकडे सरकतो आणि एका डोळ्याने बघतो. आपण फिरलो की तोही फिरतो. उडतो तेव्हा पडल्यासारखा खाली येतो, पंख मारून सावरतो, पुन्हा पडतो. उसाच्या फडावरून असा हेलकावत जाणारा पक्षी दिसला की रंग दिसायच्या आधीच मी नाव सांगत असे.

आमच्या भागात मुख्य दोनच. एक हा माळावरचा मराठा सुतार, आवाजही बारीक, टिचकी मारल्यासारखा. दुसरा कालव्याकडेचा सोनपाठी सुतार. तो मैनेहून मोठा, पाठ पिवळीधमक, कंबर काळी, गळ्यावर काळ्यात पांढरे ठिपके, आणि ओरडतो असा की कुणी खिंकाळत हसतंय. त्यातल्या नराचं डोकं कपाळापासून तुऱ्यापर्यंत सगळं लाल. मादीचा तुरा लाल, पण कपाळ काळं आणि त्यावर पांढरी टिंबं. हे एवढं नीट लक्षात ठेवलं की जोडीतलं कोण कुठे आहे ते सांगता येतं. लोकांना हे माहीत नसतं. गावोगाव लोक हुदहुदालाच सुतार म्हणतात, कारण त्याचीही चोच लांब आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा. तो भुईत चोच खुपसून किडे काढतो, झाडाला कधी भोक पाडत नाही. मी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. समोरच्याला जितकं कमी कळतं तितकं आपल्याला बरं.

सौदा करताना आमची एक पद्धत होती. मी झाडाभोवती फिरायचो, कुऱ्हाडीच्या पाठीने बुंध्यावर ठोकायचो आणि काही बोलायचो नाही. मग वर बोट करायचो. माझा जोडीदार चढायचा, सुताराच्या भोकाशी पोचायचा आणि बाही मागे सारून हात आत घालायचा. सुताराची ढोली वीत-दीड वीत खोल असते. पण तो वरून ओरडायचा, "मालक, कोपर गेलं आत. तळच लागंना." मी तोंड वाकडं करून म्हणायचो, जळणाचा भाव देतो, पटलं तर बघा. परतताना ट्रॅक्टरवर आम्ही दोघंही हसायचो. त्याला खोटं बोलताना कधी जड गेलं नाही, मलाही नाही. समोरचाही काही कमी खोटं बोलत नसे. मी खरेदीला आलेला, तो विक्रीला बसलेला. दोघांपैकी कुणी आतलं सांगितलं तर सौदा कसला.

सणसरच्या पुढे, कालव्याच्या अंगाला, एका शेतकऱ्याचा कडुलिंब होता. सगळे त्याला तात्या म्हणत. मुलासाठी बंगला बांधायचा होता आणि झाड नेमकं पायाच्या जागेत. तोडायचा परवाना काढून झाला होता, पायाखोदणीचा मुहूर्त तोंडावर आला होता. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे चालल्या होत्या. मला तेव्हाच कळलं की याला घाई आहे.

"तात्या, वर बघा. तीन भोकं हायेत."

"आरं ती लय जुनी हायेत. मी ल्हानपणापासनं बघतुय."

"मग ल्हानपणापासनं पोकळ हाय."

माझा जोडीदार वर चढला. मोठी फांदी कालव्याकडे झुकलेली होती, तिच्या बगलेशी एक भोक होतं. तिथून आवाज आला, "मालक, हात खांद्यापातूर गेला."

त्या दिवशी त्याने कोपर सोडून एकदम खांदा गाठला. मला हसू आवरेना म्हणून मी मातीकडे बघत राहिलो.

"तुमच्या गड्याचा हातच लांब हाय," तात्या म्हणाला. त्याला सगळं कळत होतं. पण मुहूर्त जवळ होता. त्याने माझा भाव घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर पोचलो. ट्रॉली यायची होती. चहा घेऊन बांधावर बसलो आणि सवयीने दुर्बीण डोळ्याला लावली. सोनपाठीची जोडी होती. नर बुंध्यावर चढत होता, त्याचं लालभडक डोकं स्पष्ट दिसत होतं. मादी त्या झुकलेल्या फांदीवर आली आणि वरच्या भोकातून आत गेली. मी नर बघत बसलो. थोड्या वेळाने त्याच फांदीच्या दुसऱ्या अंगाला, दोन वाव, म्हणजे दहा-बारा फूट खाली, एका भोकातून डोकं बाहेर आलं. काळं कपाळ, पांढरी टिंबं. मादी.

प्रथम मला वाटलं दुसरी मादी असेल. म्हणून चहा बाजूला ठेवला आणि थांबलो. ती उडाली, विजेच्या तारेवर बसली, परत आली, वरच्या भोकातून आत गेली आणि पुन्हा खालून बाहेर आली. नर अजून बुंध्यावरच होता. पक्षी एकच होता. म्हणजे त्या दोन भोकांमध्ये लाकूड नव्हतंच. जी फांदी झाडात सगळ्यात जाड दिसत होती ती आतून नळ्यासारखी मोकळी होती.

तोवर माझा जोडीदार वर चढला होता. कमरेचा दोर नेहमी सगळ्यात जाड फांदीला बांधायचा आणि मग बाकीच्या छाटायच्या, असं त्याचं काम. त्याने त्याच फांदीला दोर टाकला. मी धावत झाडाखाली गेलो.

"ए, त्या फांदीला दोर बांधू नको. आतनं पार नळा झालाय. पलीकडचीला बांध."

त्याने खाली वाकून बघितलं. हसला.

"मालक, सौदा काल झालाय."

तात्या खुर्ची टाकून बसला होता. तो म्हणाला, "अजून उतरवायचा हाय व्हय भाव? घ्या बाबा, झाडबी घ्या आन् सावलीबी घ्या."

"अरं खरंच पोकळ हाय. पाखरू वरनं आत गेलं आन् खालनं भाईर आलं."

"दोन आसतील," वरून उत्तर आलं.

"एकच हाय. मादी हाय ती."

"बघा तात्या," तो वरून म्हणाला, "आमच्या मालकानं पाखराची बायकोबी वळखली."

सगळे हसले. तात्या, खाली कामाला आलेली माणसं, वरचा तो. माझं डोकं फिरलं. ज्या धंद्यात मी हमालापासून इथवर आलो त्या धंद्यात, माझ्याच माणसाने, झाड विकणाऱ्यापुढे मला हसावं. मी म्हणालो, "बांध मग. मर." आणि पाठ फिरवून ट्रॉलीवाल्याला फोन लावला.

चांगलं लाकूड मोडतं तेव्हा कडाड वाजतं. हे तसं वाजलं नाही. ओलं पोतं फाटावं तसा आवाज आला, आणि मग तो खाली पडल्याचा.

फांदी मधोमध उघडी पडली होती. कडेला तीन बोटं लाकूड, आत सगळा तो चहाच्या चोथ्यासारखा भुगा. लोक त्याच्याभोवती गोळा झाले. मादी परत आली. जिथे वरचं भोक असायचं तिथे हवेत येऊन थांबल्यासारखी झाली, गिरकी घेतली, बुंध्याला चिकटली, पुन्हा उडून त्याच जागी गेली. खाली बघायचं माझ्यात धाडस नव्हतं म्हणून मला हे दिसलं.

बारामतीच्या दवाखान्यातून त्याला पुण्याला नेलं. खर्च मी केला. किती ते लिहीत नाही. आकडा सांगितला की लोक म्हणतात, घासाघीस करतोय. डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचला, पायांत ताकद येणार नाही.

आम्ही पुण्याहून परत यायच्या आत तात्याने गावोगाव सांगून टाकलं होतं. "आदल्या दिशी माज्यासमोर म्हणला हुता, झाड पोकळ हाय. ठावं असून चढवला गड्याला. आन् वरनं मर म्हणला." यात माझे म्हणून सांगितलेले शब्द खोटे नाहीत. माझा तात्यावर राग आहे तो यासाठीच. तो खोटं बोलला असता तर मी त्याला चार लोकांत उभा करून खोटा पाडला असता. मी आदल्या दिवशी बोललो ते खोटं होतं, ते आज सगळ्यांना खरं वाटतं. दुसऱ्या दिवशी खरं बोललो, ते तिथल्या एकानेही ध्यानात ठेवलं नाही. ध्यानात राहिला तो शेवटचा शब्द.

त्यानंतर माझ्या झाडावर चढायला कुणी तयार होईना. दुप्पट मजुरी सांगितली तरी. इंदापूरला तहसील कचेरीबाहेर चहा पीत होतो तर शेजारच्या बाकावरचा अनोळखी माणूस दुसऱ्याला म्हणाला, "हेच ते. मर म्हणणारे." मी त्याची कॉलर धरली. त्याने काहीच केलं नाही, नुसता बघत राहिला, आणि त्यामुळे मी जास्तच वाईट दिसलो.

मी जोडीदाराच्या घरी जात होतो. तो आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. पहिल्या खेपेलाच मी वहिनींना झालं ते जसंच्या तसं सांगितलं. पक्षी, दोन भोकं, माझं ओरडणं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमी म्हणला पोकळ हाय, आन् ह्यांनी ऐकलं न्हाय?"

"न्हाय ऐकलं, वहिनी."

"तीस वर्सं तुमचं ऐकून झाडावर चढलेला माणूस, नेमका त्याच दिशी बहिरा झाला व्हय?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो भिंतीकडेच बघत होता. त्या दिवसापासून त्या मला भावजी म्हणायच्या बंद झाल्या. मी गेलो की पाणी ठेवतात आणि आत जातात.

कुणी मला एक प्रश्न कधी विचारला नाही, म्हणून तो मीच इथे लिहितो. मालक मी होतो. काम थांबव म्हणालो असतो, झाड कापायचं मशीन उचलून गाडीत टाकलं असतं, तर त्याला खाली यावंच लागलं असतं. मी ते केलं नाही. मला हसले होते, म्हणून मी पाठ फिरवली. पण त्याला आधी सांगितलं होतं हेही तितकंच खरं आहे, आणि ते खरं असून माझ्या नावावर कुणी मांडत नाही. रात्रंदिवस मी हेच घोकत होतो. किती वेळा गेलो असेन त्याच्या घरी. तो हवापाण्याचं बोलायचा, कधी तेही नाही. त्या दिवसाचा विषय काढला की डोळे मिटायचा.

या फाल्गुनात गेलो तर त्याची खाट बाहेर पत्र्याच्या शेडात आणलेली होती. समोर एक वाळलेला शेवगा उभा होता. वहिनी नळावर भांडी घासत होत्या, तिथून शेड दिसत नाही. मी खाटेशेजारी उकिडवा बसलो. शेवग्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज झाला. मी मान वर केली आणि बघितलं तर तोही तिकडेच बघत होता.

"लेका, ह्यो नर का मादी?"

दीड वर्षात त्याने मला लेका म्हटलं नव्हतं.

"डोकं बघ. मागं लाल हाय का?"

"हाय वाईच."

"मग नर."

"रोज येतो. बुडापासनं सुरवात करतो, शेंड्यापातूर जातो. खाली यायचं आसलं तर पाठमोरा उड्या मारत येतो, तोंड फिरवत न्हाय." मग तो म्हणाला, "ऊन तापलं की मुंग्या वर येत्यात, तवा येतो. त्याच्या आदी कदी न्हाय."

मराठा सुतार मी वीस वर्षं बघत होतो. त्याची यायची वेळ मुंग्यांवर ठरते हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे दुर्बीण होती, पण मी एका जागी पडून कधी बघितलं नव्हतं.

बराच वेळ आम्ही दोघंही नुसते बघत राहिलो. सुतार एका फांदीवरून दुसरीवर गेला. कपचा उडून खाली पडला.

"त्या दिशीची मादी," तो म्हणाला. "एकच हाय म्हणून तुला कसं कळलं?"

मी सांगितलं. काळं कपाळ, पांढरी टिंबं. नर सबंध वेळ बुंध्यावर डोळ्यासमोर होता. दोनदा बघितलं, दोन्ही वेळा वरून आत, खालून बाहेर. तो ऐकत होता. मधे एकदा त्याने विचारलं, कपाळ म्हणजे चोचीच्या लगेच वर का, आणि मी बोटाने माझ्या कपाळावर दाखवलं.

"म्हंजी तू खरं बोलत हुतास."

"व्हय."

"आदल्या दिशी मी हात घातलाच न्हवता त्या भोकात. खांद्यापातूर गेला म्हणून उगं वराडलो. वर लय मुंगळं हुतं." तो पत्र्याकडे बघत होता. "घातला आसता तर कळलं आसतं."

मग मी ज्यासाठी आलो होतो ते बोललो.

"वहिनींना सांग की एकदा. मी सांगितलं हुतं म्हणून."

"सांगून काय हुणार?"

"मला हुईल."

त्याने माझ्याकडे बघितलं. भाव पटलेला नसताना झाड विकणारा बघतो तसं नाही. दमलेला माणूस बघतो तसं. मग त्याने हाक मारली. वहिनी हात पदराला पुसत आल्या.

"अगं, ह्यानं सांगितलं हुतं मला. बांधू नको म्हणला हुता त्या फांदीला. म्याच हसलो."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे कवापासनं बसल्यात?"

"झाला आसल तासभर," तो म्हणाला.

"तासाभरात घालून दिलं व्हय तुमच्या तोंडात." त्यांचा आवाज चढला नव्हता. "सारा जलम वरनं ह्यांच्यासाठी वराडत आला, कोपर गेलं, खांदा गेला. आता खाटंवरनंबी तेच."

"खरं सांगतुय मी."

"तवाबी खरंच सांगत हुता."

तो माझ्याकडे मान वळवून म्हणाला, "सांगितलं बाबा. झालं तुझं?"

मी उठलो. मला संताप आला होता, आणि तो नेमका कुणावर काढायचा हे मला कळत नव्हतं. वहिनींवर नाही. त्याच्यावर कसा काढणार. दीड वर्ष मी या एका वाक्यासाठी खेपा घातल्या. ते माझ्यासमोर, मोठ्याने, मी मागितलं होतं तसं बोललं गेलं, आणि अंगणाबाहेर ते जाणार नव्हतं. मला तेव्हा कळलं की आता मागायला काहीच उरलेलं नाही. मी चपला घातल्या.

ऊन पत्र्याखाली शिरून त्याच्या तोंडावर आलं होतं. तो डोळे बारीक करून शेवग्याकडे बघायचा प्रयत्न करत होता. वहिनी खाटेच्या उशाकडे गेल्या आणि वाकल्या. खाट एकट्याने ओढली तर त्याच्या पाठीत कळ जाते, दोन्ही टोकं एकदम उचलावी लागतात. एरवी शेजारचं कुणीतरी येत असणार. त्यांनी कुणाला हाक मारली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.

"पायाकडनं धरा," त्या म्हणाल्या.

मी चपला काढल्या, पायाकडून धरलं आणि त्या उचला म्हणेपर्यंत थांबलो.